आधी पोट बघा: तळ्यातल्या बारक्यांच्या खाण्याबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात पाण्यातल्या पिसूचा एक फोटो छापला होता, अंगातून आरपार दिसणारी हिरवी रेघ असलेला, आणि खाली मी नुसतं एवढंच लिहिलं होतं की ही रेघ म्हणजे तिचं सकाळचं जेवण. त्या एका ओळीवर इतके प्रश्न आले की या महिन्याचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. नावांचा गोंधळ होऊ नये म्हणून आधीच सांगते. पाण्यातली पिसू म्हणजे डॅफ्निया, आणि मोइना तिची बारकी बहीण, पण आपल्या पिसवांशी या दोघींचं काही नातं नाही, उड्या मारत पोहतात म्हणून ते नाव पडलं. ही सगळी खेकडा-कोळंबीच्या खानदानातली मंडळी. सायक्लॉप्सही त्यातलाच, डोक्यावर एकच डोळा, आणि मादी असेल तर शेपटीच्या दोन बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या. बाकीचे येतील तसे येतील.

मॅडम, माशांच्या पिल्लांसाठी ऑनलाइन डॅफ्नियाचं कल्चर मागवलं, विकणाऱ्याने सांगितलं यीस्ट टाका बस्स, मी रोज अर्धा चमचा टाकत होतो, चौथ्या दिवशी पाणी दुधासारखं पांढरं झालं, वास मारायला लागलं आणि सगळे तळाला. नक्की काय खातात हे? यूट्यूबवर कुणी बेसन सांगतं, कुणी स्पिरुलिना, कुणी केळ्याचं साल. — अ‍ॅक्वेरियमचा नाद असलेला, पुणे

अर्धा चमचा! अरे बाबा, ते पाच लिटरच्या बरणीत गावजेवण झालं. तुझे डॅफ्निया उपाशी नाही मेले, गुदमरून मेले. न खाल्लेलं यीस्ट कुजलं, त्यावर बॅक्टेरिया माजले (पांढरं पाणी म्हणजे तेच), त्यांनी पाण्यातला ऑक्सिजन संपवला आणि खेळ खलास. 

आता खातात काय ते. डॅफ्निया तोंडाने शोधून घास घेतच नाही. तिच्या दोन शिंपल्यांसारख्या कवचाच्या आत पायांच्या पाच जोड्या असतात, ते पाय चालायचे नाहीत, ते सेकंदाला चार-पाच वेळा हलत राहतात आणि पाणी आत ओढतात. तिसऱ्या आणि चौथ्या जोडीवर केसांची इतकी दाट कंगवी असते की एका मायक्रॉनच्या आसपासचा कणही त्यात अडकतो, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीत असे पन्नासेक कण शेजारी शेजारी बसतील. अडकलेला माल पोटाखालच्या एका पन्हाळीतून पुढे सरकत तोंडापाशी जातो, तिथे त्याचा गोळा होतो आणि मग गिळणं. त्यामुळे तिला काय आवडतं हा प्रश्नच जरा चुकीचा आहे, तिच्या जाळीत काय मावतं हा खरा प्रश्न. एकपेशीय हिरवं शेवाळ, बॅक्टेरिया, बारीक कुजका गाळ, सगळं एकाच टोपलीत. वरची मर्यादा अंगाच्या मापावर ठरते, 2 मिलिमीटरची पिसू साधारण 50 मायक्रॉनपर्यंतचा कण घेते, तिची लहान पोरं त्याहून बारीक.

यीस्टची पेशी पाचेक मायक्रॉनची, म्हणून ती जाळीत छान बसते आणि म्हणून विकणारे तेच सांगतात. पण नुसत्या यीस्टवर ठेवणं म्हणजे पोराला नुसत्या पोह्यांवर वाढवणं. पोट भरतं पण शेवाळातल्या काही चरबीच्या घटकांशिवाय अंडी कमी पडतात आणि कल्चर दोन-चार पिढ्यांत मरगळतं. बेसनाचंही तेच, चालतं, पण वस्त्रगाळ केलेलं आणि चिमटीच्याही चिमटीएवढं. केळ्याचं साल ती खात नाही, साल कुजतं आणि त्यावरचे बॅक्टेरिया ती खाते, तेवढ्यासाठी घरात चिलटं कशाला बोलवायची.

माझं ऐकशील तर एक बरणी फक्त हिरव्या पाण्याची ठेव. माशांच्या टाकीतलं काढलेलं जुनं पाणी खिडकीत उन्हात ठेवायचं, आठ-पंधरा दिवसांत मेंदीच्या पाण्यासारखं होतं. ते रोज थोडं घालायचं, इतकंच की पाणी किंचित धूसर व्हावं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत निवळावं. निवळलं नाही तर त्या दिवशी उपास, निवळलं की परत. आणि बाकी सगळं विसरलास तरी एक गोष्ट कर, आधी पोट बघ. काचेला डोळा लावून, मागे पांढरा कागद धरून बघ. पोटातली रेघ हिरवी दिसली तर शेवाळ मिळतंय, दुधी दिसली तर यीस्ट, रेघच दिसत नाही तर उपाशी आहे. अजून कुठला प्राणी एवढा उघडपणे सांगतो जेवलो की नाही ते!

शिवाय नळाचं पाणी थेट घालू नकोस, क्लोरीन उडायला दोन दिवस उघडं ठेव. आणि पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये डॅफ्नियापेक्षा मोइना बरी, उष्णता आणि कमी ऑक्सिजन दोन्ही जास्त सोसते, बॅक्टेरियांवर आणि गाळावरही मजेत जगते, आणि पिल्लांच्या तोंडात सहज मावते.

ताई, माझी डॅफ्निया महिनाभरात गुलाबी आणि मग लाल झाली. मी तर हिरवंच पाणी देतेय. कुणी म्हणालं गाजर खाल्लं असेल! — नाशिक

गाजर कुठून खाणार बिचारी. हा रंग जेवणाचा नाही, हा तिच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा. पाण्यात ऑक्सिजन कमी पडला की डॅफ्निया जास्त हिमोग्लोबिन तयार करते आणि अंग आरपार असल्यामुळे ते बाहेरून दिसतं. गर्दी कमी करा, थोडं पाणी बदला, पुढची पोरं फिकट होतील.

पण गंमत म्हणजे याच्या उलटही असतं. विहिरीत किंवा जुन्या तलावात लालभडक, लांब मिशांचे, सायक्लॉप्ससारखे दिसणारे जीव दिसले तर ते बहुतेक डायाप्टोमसच्या कुळातले असतात (यांची मिशी अंगाएवढी लांब आणि मादीला अंड्यांची पिशवी एकच), आणि त्यांची लाली मात्र खरोखर खाण्यातून आलेली असते. शेवाळातली रंगद्रव्यं खाऊन ते त्यातून लाल रंग बनवतात. म्हणजे एकाच बाटलीत दोन लाल जीव, एकाचा लाल दम लागल्याचा आणि दुसऱ्याचा जेवणातला.

आमच्या बायोलॉजीच्या नोट्समध्ये डॅफ्निया आणि कोपेपॉड दोन्हींपुढे फिल्टर फीडर (गाळून खाणारे) एवढंच लिहिलंय. मग फरक काय? परीक्षेला नाही विचारत पण मला कळत नाहीये. — अकरावी सायन्स, लातूर

परीक्षेला विचारत नाहीत ते विचारलंस म्हणून तुला उत्तर थोडं मोठं. कोपेपॉड म्हणजे सायक्लॉप्स, डायाप्टोमस वगैरे सगळे. पूर्वी सगळ्यांना वाटायचं की डायाप्टोमससारखे कोपेपॉडही तोंडाजवळच्या केसाळ अवयवांनी गाळणी लावून बसतात. मग वेगवान कॅमेरे आले, 1981 मध्ये त्यावरचं एक काम प्रसिद्ध झालं, आणि दिसलं ते भलतंच होतं. एवढ्या लहान जिवाला पाणी पाण्यासारखं लागतच नाही, काकवीसारखं लागतं. काकवीत चहाची गाळणी फिरवून बघ, काकवी भोकांतून जात नाही, गाळणी सकट ढकलली जाते. तसंच, त्यांचे ते केसाळ अवयव गाळणी कमी आणि वल्हं जास्त. ते पाण्याचा एक बारीक प्रवाह तोंडाकडे आणतात, त्यात शेवाळाची पेशी येतेय हे कळलं की झटक्यात दोन पंजे उघडून तेवढा पाण्याचा गोळा पेशीसकट मिठीत घेतात आणि पाणी पिळून काढतात.

म्हणजे ते एकेक घास निवडून घेतात. आणि चवही बघतात! सारख्याच मापाचा एक निर्जीव मणी आणि एक शेवाळाची पेशी दिली तर मणी बऱ्याचदा टाकून देतात. डॅफ्नियाला हे नाही जमत, तिची कंगवी येईल ते गोळा करते आणि फार तर काय, गोळाच नको वाटला तर मागच्या नखाने अख्खा गोळा बाहेर फेकते, चांगल्या-वाईटासकट. एक बुफेतला चोखंदळ पाहुणा आणि दुसरी पंगतीतली, पानात पडेल ते. 

आणि सायक्लॉप्स तर यात बसतच नाही. मोठा झालेला सायक्लॉप्स शेवाळ खातो, पण मूळ स्वभाव शिकाऱ्याचा. उडी, मग थोडं खाली बुडणं, परत उडी, असं करत फिरतो, मिशांवरच्या केसांना शेजारच्या हालचालीची थरथर कळते, आणि झडप. रोटिफर (तोंडाशी चाकासारखे केस फिरवणारे सूक्ष्म जीव), शिवाय एकपेशीय प्राणी, मोइनाची नुकती जन्मलेली पोरं, आणि तुझ्या खालच्या बेंचवरचा प्रश्न आधीच आलाय माझ्याकडे, म्हणून इथेच सांगून टाकते…

सायक्लॉप्स स्वतःची पिल्लं खातो हे खरं का? — सहावी, कणकवली

हो रे. ओळखतच नाही तो. त्याची पिल्लं वेगळीच दिसतात, सहा पायांची, ढालीसारखी, आणि ती शेवाळ खातात. शाकाहारी बालपण आणि मांसाहारी मोठेपण, आणि मधल्या काळात आई-बाबांपासून लांब राहायचं.

नमस्कार. आमच्या हौदात पांढरे बारीक टिपके उड्या मारताना दिसतात. सूनबाई म्हणते पाणी ओतून द्या, मी म्हणते लहानपणी आम्ही बारवेचं हेच पाणी प्यायचो. पण माझ्या सासऱ्यांना नारू झाला होता, पायातून दोरा काडीवर गुंडाळताना मी पाहिलंय. हेच का ते किडे? — एक आजी, बीड जिल्हा

आजी, तुमचं पत्र वाचून मी माझ्या आईला फोन लावला, तिनेही तसंच पाहिलेलं, रोज काडीला एक वेढा, दोरा तुटू नये म्हणून घरातले सगळे श्वास धरून बसलेले.

टिपके सायक्लॉप्स असू शकतात, आणि नारूचा प्रवास त्यांच्या पोटातूनच व्हायचा हे अगदी खरं. पण बघा, सायक्लॉप्स नारू तयार करत नव्हता, तो फक्त जेवत होता. नारू झालेला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाय पाण्यात बुडवायचा कारण आग थंड पाण्याने शांत व्हायची, आणि पाय बुडला की फोडातून कृमीची मादी हजारो बारीक अळ्या पाण्यात सोडायची. त्या अळ्या पाण्यात वळवळतात आणि सायक्लॉप्स म्हणजे वळवळीवर झडप घालणारा प्राणी. त्याला वाटलं खाऊ मिळाला. अळी त्याच्या पोटातून शरीरात शिरायची, साधारण 2 आठवड्यांत पुढच्या टप्प्याला जायची, मग कुणीतरी घागरीतून त्या सायक्लॉप्सला पिऊन टाकायचं, आणि वर्षभराने त्या माणसाच्या पायातून तो दोरा, जवळजवळ मीटरभर लांब सुद्धा. शेवाळ गाळून खाणाऱ्या डॅफ्नियाच्या जागी हा शिकारी त्या बारवेत होता म्हणून हे जमलं.

म्हणून उपाय पण साधा निघाला. पाणी दुपदरी फडक्यातून गाळा, सायक्लॉप्स डोळ्याला दिसेल एवढा असतो, तो फडक्यातून जात नाही. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून रहाटाच्या केल्या, म्हणजे पाय पाण्यात जाणंच थांबलं. हातपंप आले. काही ठिकाणी पाण्यात सायक्लॉप्स मारायचं औषध टाकलं. आपल्याकडे ही देशव्यापी मोहीम 1980 च्या दशकात सुरू झाली, महाराष्ट्र त्यातल्या बाधित राज्यांपैकी होता, देशातला शेवटचा रुग्ण राजस्थानात जुलै 1996 मध्ये सापडला आणि फेब्रुवारी 2000 मध्ये भारत नारूमुक्त असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केलं. तेव्हा आज तुमच्या हौदात सायक्लॉप्स असला तरी त्याच्या पोटात नारू नाही. सूनबाईंना सांगा घाबरू नका.

पण तुम्हालाही सांगते, ओतून द्या नसलं तरी गाळून उकळून प्या. सायक्लॉप्स आहे म्हणजे त्याला खायला रोटिफर आहेत, त्यांना खायला बॅक्टेरिया आहेत, म्हणजे हौदात ऊन किंवा घाण कुठूनतरी जातंय. झाकण नीट बसवा, तळाचा गाळ काढा. फडक्याचं महत्त्व नारूसोबत संपलं असंही नाही, बांगलादेशात जुन्या साडीच्या चार ते आठ घड्यांतून पाणी गाळल्यावर कॉलरा जवळपास निम्म्याने कमी झाल्याचं 2003 मध्ये प्रसिद्ध झालं, कारण कॉलऱ्याचे जंतू या कोपेपॉडांच्या कवचाला चिकटून राहतात. आणि न्यूयॉर्कच्या नळाच्या पाण्यात सुद्धा हे कोपेपॉड असतात बरं का, 2004 मध्ये तिथल्या सनातनी ज्यू मंडळींत मोठा वाद झाला होता की कवचाचे प्राणी निषिद्ध असताना हे पाणी प्यायचं कसं. शेवटी अनेकांनी नळाला फिल्टर लावले. आपल्याकडची जैन घरं हे किती पिढ्या करतायत!

मग हा शिकारी डासांच्या अळ्या खातो का? आमच्या सोसायटीत डेंग्यूचे पेशंट निघालेत. — ठाणे

नुकत्याच फुटलेल्या अळ्या खातो, मोठ्या झालेल्या त्याच्या आवाक्यात नसतात. सगळे सायक्लॉप्स नाही, त्यातल्या मेसोसायक्लॉप्ससारख्या मोठ्या जाती. व्हिएतनामच्या गावांत पाण्याच्या मोठ्या टाक्यांत हेच सोडून आणि लोकांना सोबत घेऊन डेंग्यूचा डास बऱ्याच ठिकाणी पार संपवला होता. पण तुमच्या सोसायटीत कुणी रस्त्याकडेच्या डबक्यातलं पाणी आणून टाकीत ओतायचा उद्योग करू नये प्लीज. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्याला एकदा पालथ्या घाला, काम होतं. डॅफ्निया मात्र अळी खात नाही, तिच्या जाळीत अळी मावायची नाही.

मॅडम, डाळिंबाच्या बागेशेजारी प्लास्टिकचं अस्तर घातलेलं शेततळं आहे. कटला, रोहू सोडलेत. दोन महिन्यांपूर्वी पाण्यात बारीक किडे खच्चून होते, कटला दिसायला लागला होता. आता पाणी रंगासारखं हिरवंगार, वर सायीसारखा थर, सकाळी वास येतो आणि किडे नावाला नाहीत. एवढं हिरवं खाणं असून ते उपाशी कसे मेले? मी तर शेणखत पण दर आठवड्याला घालतोय. — सांगोला तालुका

दादा, हिरवं दिसतं ते सगळं खाणं नसतं. तुमच्या पाण्यावरची साय म्हणजे बहुतेक निळं-हिरवं शेवाळ, मायक्रोसिस्टिस म्हणतात त्याला. खरं तर ते शेवाळही नव्हे, बॅक्टेरियाच. त्याच्या पेशी एकटी राहत नाहीत, बुळबुळीत गोळा करून राहतात आणि तो गोळा पिसूच्या घासापेक्षा मोठा असतो. त्याचेच दुसरे भाऊ दोऱ्यासारखे वाढतात, ते कंगव्यात अडकले की पिसूला आख्खा गोळा नखाने ओरबाडून टाकावा लागतो, आणि त्यात चांगलं शेवाळही जातं, कष्ट जास्त आणि पोटात काहीच नाही. जे काही गिळलं जातं त्यातही पोषण अपुरं, कारण या निळ्या-हिरव्यात तिला लागणारे काही स्निग्ध घटक नसतात. वर काही जाती विषारी. म्हणजे हे पाणी खाण्याने भरलेलं दिसतं आणि पिसूसाठी मात्र रिकामं ताट.

पण मला शंका आहे की तुमचे किडे या साईने मेले नाहीत, आधी मेले आणि मग साय आली. किडे होते तोवर तेच चांगलं शेवाळ खाऊन पाणी ताब्यात ठेवत होते. ते कमी झाले कशाने, ते शोधा. एक, कटला. त्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं आणि वरच्या थरातले हेच किडे त्याचं मुख्य खाणं, मासे जास्त सोडले असतील तर सगळे फस्त. दोन, डासांसाठी म्हणून कुणी गप्पी किंवा गंबुशिया मासे सोडलेत का? गंबुशिया डासांच्या अळ्या खातो हे सगळे सांगतात, तो पिसूही खातो हे कुणी सांगत नाही, आणि पिसू गेली की पाणी हिरवं होतं हे प्रयोगातही दिसलंय. तीन, आणि मला हेच जास्त वाटतंय, डाळिंबावरची फवारणी. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या घराण्यातली औषधं पिसूला अगदी थोडीशी सुद्धा सहन होत नाहीत, माशांना काही झालेलं दिसत नाही तोवर पिसू साफ झालेली असते. जगभर नवीन औषध बाजारात यायच्या आधी डॅफ्नियावरच 48 तासांची चाचणी घेतात ती उगीच नाही. फवारणीचा पंप तळ्यात धुतला होता का, वाऱ्याने फवारा तळ्यावर आला होता का, आठवून बघा.

आणि शेणखत लगेच बंद. शेणखत घातल्यावर आधी बॅक्टेरिया, मग बारीक शेवाळ, मग किडे, मग मासे, ही साखळी बरोबर आहे पण खाणारं कुणी उरलं नाही आणि खत चालूच राहिलं की साय जिंकते. सकाळचा वास म्हणजे रात्री ऑक्सिजन संपतोय, मासे पहाटे वर येऊन तोंड मारतायत का बघा आणि तसं असेल तर आधी पंपाने पाणी उसळवा किंवा ताजं पाणी सोडा, बाकी चर्चा नंतर. वरची साय एका कोपऱ्यात वाऱ्याने जमते, ती कापडाने ओढून काढता येते. गुरांना मात्र ते पाणी पाजू नका, अजिबात.

नंतर किडे परत आलेत का ते बघायचं असेल तर भर दुपारी जाऊ नका, दिवसा ते माशांच्या नजरेपासून खाली बसतात आणि अंधार पडला की वर येऊन चरतात. रात्री नऊ-दहाला टॉर्च घेऊन जा, पांढऱ्या बादलीत पाणी घ्या आणि तिथेही पोट बघा.

जुलैमध्ये रत्नागिरीजवळच्या सड्यावर फिरताना जांभ्या दगडातल्या गुडघाभर खळग्यात उताणे पोहणारे बोटाच्या पेराएवढे झिंगे दिसले. महिन्यापूर्वी तो दगड तव्यासारखा कोरडा होता. हे आले कुठून आणि नुसत्या दगडावर खातात काय? — मुंबईहून फिरायला जाणारी

तुम्हाला दिसली ती परीकोळंबी, फेअरी श्रिंप. माझं सगळ्यात लाडकं जनावर, त्यामुळे आवरतं घेणं अवघड आहे! आली कुठून, तर कुठूनच नाही, तिथेच होती. मागच्या पावसातली अंडी त्या तापलेल्या धुळीत पडून होती. पाऊस पडला, खळगा भरला, अंडी फुटली, आणि खळगा आटायच्या आत वाढून, जोडी जमवून, अंडी घालून मोकळं व्हायचं, सगळा हिशोब काही आठवड्यांचा. सह्याद्रीच्या सड्यांवर यांच्या जाती आहेत, एकीच्या तर शास्त्रीय नावातच सह्याद्री आहे, स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस.

खाणं नुसत्या दगडावर कसं, तर तो दगड नुसता नाही. पहिल्या सरीबरोबर वर्षभराची धूळ, वाळकं गवत, मेलेले किडे, म्हशीच्या शेणाचा चुरा सगळं खळग्यात वाहून येतं, त्यावर दोन दिवसांत बॅक्टेरिया आणि पाठोपाठ शेवाळ. परीकोळंबी उताणी पोहते, पायांच्या अकरा जोड्या आभाळाकडे, त्या लाटेसारख्या हलत राहतात आणि त्याच हालचालीत पोहणंही होतं, श्वासही होतो आणि जेवणही, कारण त्याच पायांनी गाळलेला माल छातीवरच्या पन्हाळीतून तोंडाकडे जातो. तीन कामांना एकच मोटर. पाण्यात काही कमी असलं तर दगडावरचा बुळबुळीत थर खरवडूनही घेते. उताणी का, तर उजेडाकडे पोट ठेवायची सवय. काचेच्या भांड्यात खालून टॉर्च मारला तर ती सुलटी होते, पोरांना दाखवा, वेडी होतात.

त्याच खळग्यात तळाशी ढालीसारख्या पाठीचं, लांब दोन शेपट्यांचं काही चिखल उकरताना दिसलं का? नसेल तर परत जा. तो ट्रायॉप्स, तीन डोळ्यांचा, आणि त्याला पथ्य नावाचा प्रकार माहीत नाही. चिखलातला गाळ, किड्यांच्या अळ्या, बेडकाची बारकी पिल्लं, परीकोळंबी, आणि काही नाही मिळालं तर भाऊबंद. आणि चिखल ढवळल्याने तळातलं खत वर येतं, त्यावर शेवाळ वाढतं आणि ते पुन्हा परीकोळंबीला मिळतं, म्हणजे हा गडी एका हाताने खायला घालतो आणि दुसऱ्या हाताने खातो. तिळाएवढ्या शिंपल्या लुटुलुटु पळताना दिसतात त्या ऑस्ट्रॅकॉड, मेलेल्याचं, कुजलेल्याचं, तळावर पडेल ते साफ करणाऱ्या. मेलेल्या बेडकाच्या पिल्लावर त्या अशा जमतात की पिल्लू तीळ लावल्यासारखं दिसतं.

आणि खाणाऱ्याला खाणारंही तिथेच असतं. सप्टेंबरात सड्यावर, कासला, जांभळी झालर पसरते ना, सीतेची आसवं, किती जण तिच्यासोबत सेल्फी काढतात आणि कुणाला कल्पना नसते की ओल्या मातीत त्या फुलाला बारीक बारीक फुगे असतात आणि त्या फुग्यांचं दार हललं की आतला जीव, रोटिफर असो की बारकं कोपेपॉड, क्षणात आत ओढला जातो. म्हणून त्या सेल्फीसाठी फुलांत पाय टाकू नका, आणि खळग्यात सनस्क्रीन लावलेले हात धुऊ नका.

घरी करता येईल असा एखादा प्रयोग सांगा, सायन्स एक्झिबिशन पंधरा दिवसांवर आलंय आणि सगळे ज्वालामुखीच करतायत. — आठवी, सोलापूर

ज्वालामुखी नको बाई. पाच-सहा डॅफ्निया घे, तासभर साध्या शिळ्या पाण्यात ठेव म्हणजे पोट जरा रिकामं होईल. मग त्यांना हिरव्या पाण्यात सोड आणि दर दहा मिनिटांनी एकेक काढून भिंगाखाली बघ, रेघ कुठवर हिरवी झाली ते चित्रात रंगव. पूर्ण भरली की त्यांना अगदी पातळ यीस्टच्या पाण्यात टाक. आता मागून हिरवं ढकललं जातं आणि पुढून दुधी येतं, दोन रंगांची सीमा सरकताना दिसते. खाणं भरपूर असेल तर अर्ध्या-पाऊण तासात पोटातला सगळा माल बदलतो. एक ग्लास गार ठेव आणि एक खोलीच्या तापमानाला, कुठल्यात सीमा लवकर सरकते बघ, हाच तुझा निष्कर्ष. बर्फ मात्र टाकू नकोस, नुसता माठातल्या पाण्याचा ग्लास पुरे.

परीक्षकांनी विचारलं की एवढ्याशा जिवाच्या पोटात बघून काय मिळतं, तर त्यांना मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाची गोष्ट सांग. हा माणूस असाच आरपार दिसणाऱ्या डॅफ्नियात बघत बसला होता. डॅफ्निया पाणी गाळून खाते तेव्हा एका यीस्टचे सुईसारखे बीजाणू पण गिळले जातात, आणि त्या सुया आतड्याची भिंत टोचून अंगात घुसतात. त्याने पाहिलं की सुई आत शिरली की डॅफ्नियाच्या रक्तातल्या पेशी येऊन तिला घेरतात आणि गिळून टाकतात, आणि जिथे पेशी हरतात तिथे डॅफ्निया मरते. 1884 मध्ये त्याने हे छापलं, आणि शरीरातल्या पेशी जंतूंना खातात या कामासाठी 1908 चं नोबेल त्याला अर्ध्यात मिळालं. त्या यीस्टच्या कुळाला आता त्याचंच नाव आहे. चित्र काढताना त्या सुया पण काढ, आणि डॅफ्निया प्रदर्शन संपल्यावर बेसिनमध्ये नको, आणली त्याच तळ्यात परत सोड.